खटला अठ्ठेचाळीस वर्षं चालला, आपण कधी चालणार?

१० डिसेंबर २०२४ रोजी कल्याणच्या दिवाणी न्यायालयाने दुर्गाडीचा निकाल दिला. मजलिस-ए-मुशावरत मस्जिद ट्रस्टने १९७६ साली केलेला दावा फेटाळला गेला. किल्ल्याची जागा शासनाची ठरली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अर्ध्या शहराच्या मोबाइलवर जल्लोषाचे व्हिडिओ होते आणि उरलेल्या अर्ध्या शहराच्या मोबाइलवर 'सब्र करो'चे संदेश. दोन-तीन दिवस हे चाललं. मग दोन्हीकडचे लोक नेहमीसारखे सकाळची लोकल पकडायला धावले.

या गदारोळात निकालातल्या एका गोष्टीकडे कुणी नीट पाहिलं नाही, असं मला वाटतं. जागा शासनाची. म्हणजे कुणाची? ती एका ट्रस्टची नाही हे कळलं. पण मग ती एका पक्षाचीही नाही, एका मिरवणुकीची नाही, झेंडा लावणाऱ्याची नाही. सरकारी जागा म्हणजे सार्वजनिक जागा. जल्लोष करणाऱ्याची जेवढी, तेवढीच दूध नाक्यावर राहणाऱ्या माझ्या मावशीची. तिला साखर आहे, डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय आणि ती इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांभोवती फेऱ्या मारते. खाडीकाठची ती टेकडी तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे फिरायला जायचं असतं, हे तिच्या मनात कधी आलेलंच नाही. माझा वाद इथून सुरू होतो, आणि तो आधी आपल्याच माणसांशी आहे.

कल्याणच्या तरुणांना दुर्गाडी म्हटलं की किल्ला आठवतो. पण किल्ला म्हणजे त्या गोष्टीचं फक्त एक टोक. मूळ गोष्ट अख्ख्या शहराच्या तटाची आहे. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये तिचं मोजमाप आहे. कल्याणभोवती दगडी तट होता. शहाजहानच्या काळात तो सुरू झाला आणि औरंगजेबाच्या काळात, १६९४ मध्ये, पूर्ण झाला. दरवाज्यांसह त्याचा घेर २१२३ यार्ड, आत सुमारे ७० एकर दाट वस्ती, अकरा बुरूज, चार दरवाजे. किल्ला दरवाजा, बंदर दरवाजा, पनवेल दरवाजा ही नावंच सांगतात की कोण कुठून यायचं आणि कुठे जायचं. २१२३ यार्ड म्हणजे दोन किलोमीटरला थोडं कमी. मध्यम चालीने पंचवीस मिनिटं. डॉक्टर सांगतात त्याच्या जवळपास.

या तटाशी आणि त्या काळच्या कल्याणशी मातबर खानाचं नाव जोडलेलं आहे. हा मोगलांचा कल्याणचा फौजदार. इतिहासकार त्याला इथल्याच नवायत घराण्यातला मानतात. नवायत म्हणजे अरबी मुळाचे, पण पिढ्यान् पिढ्या कोकण किनाऱ्यावर मुरलेले लोक. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच, घरात मुलांवर मराठीत ओरडणाऱ्या माणसांचा पूर्वज म्हणायला हरकत नाही. (ओरडण्याची भाषा माझी कल्पना आहे, बाकी नाही.) शहराच्या पूर्वेकडे तलावाकाठी काळी मस्जिद आहे आणि त्याच परिसरात मातबर खानाची कबर सांगतात. पश्चिमेला खाडीकाठी दुर्गाडीची टेकडी, पूर्वेला हा तलाव. जुनं कल्याण या दोघांच्या मध्ये.

हे मी 'बघा, तट आपला होता' असं म्हणायला सांगत नाही. त्या वाटेने गेलो तर आपण पुन्हा १९७६ ला पोहोचू. तट कुणी बांधला यापेक्षा तो कसा गेला हे जास्त शिकवणारं आहे. १७८० मध्ये कल्याण इंग्रजांच्या हाती गेलं. तट कुणी तोफेने पाडला नाही. कंपनी सरकारला आणि नंतरच्या सरकारला दगड हवा होता, आणि तो तयार घडवलेला समोर उभा होता. कल्याणच्या आणि ठाण्याच्या बंदराच्या धक्क्यांसाठी तो नेला गेला, असं गॅझेटिअर सांगतं. म्हणजे कल्याणच्या तटाचा काही भाग ठाण्याच्या खाडीकाठी पाण्यात पाय सोडून बसलाय. त्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही. सार्वजनिक वस्तू अशीच जाते. दंग्यात नाही, तर कंत्राटात.

त्याच गॅझेटिअरमध्ये टेकडीचं वर्णनही आहे. ईदगाह आणि मस्जिद, जवळ चांगल्या बांधणीची गोल विहीर, आणि मराठ्यांच्या काळात बांधलेलं दुर्गादेवीचं लहानसं लाकडी देऊळ, ज्यावरून दुर्गाडी हे नाव पडलं. एका लिहिणाऱ्याने एकाच पानावर दोन्ही लिहिलं आणि त्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याआधी, १६५७ मध्ये, शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत आरमाराचा पाया घातला. आता दुर्गाडीच्या पायथ्याशी नौदलाची टी-८० ही निवृत्त युद्धनौका आणून ठेवली आहे. चांगली गोष्ट आहे. मुलांना जहाज बघायला आवडतं, माझ्यासारख्या मोठ्यांनाही. पण तिथे आरमाराचा इतिहास लिहायचा तर दौलतखान हे नाव लिहावंच लागेल. दर्यासारंगाच्या जोडीने महाराजांच्या आरमाराचा तो सुभेदार होता आणि १६७९ मध्ये खांदेरीच्या लढाईत इंग्रजांसमोर उभा होता. हे नाव फलकावर यावं म्हणून आपल्यापैकी किती जणांनी एक अर्ज केला? मी केलेला नाही. तुम्हीही केला नसेल.

आपण केलं काय? वर्षातून दोनदा टेकडीवर ईदची नमाज पढलो आणि उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस टेकडी विसरलो. बकरी ईदच्या दिवशी नमाजाच्या वेळेत देवळाकडे जाणारी वाट पोलीस बंद करतात. ऐंशीच्या दशकात आनंद दिघे यांनी त्याविरुद्ध घंटानाद सुरू केला. तेव्हापासून दर बकरी ईदला खाली घंटा आणि वर नमाज. मध्ये पोलिसांची भिंत, जिला ना बुरूज ना दरवाजा. २०२२ नंतर शिवसेना दोन झाल्या, तर घंटाही दोन झाल्या. दोन्ही गट येतात, दोन्ही फोटो काढून जातात. आपल्याकडचे पुढारीही त्या दिवशी स्वच्छ पांढरे कपडे घालून कॅमेऱ्यासमोर 'शांतता राखा' म्हणतात. संध्याकाळी टेकडी रिकामी. दुसऱ्या दिवशी तिथला कचरा कोण उचलतं, हे दोन्हीकडच्या कुणालाही विचारा.

मला यात बोलायला अवघड असलेली एक गोष्ट बोलायची आहे. नमाजाच्या अर्ध्या तासासाठी दुसऱ्या कुणाचं दर्शन बंद राहावं, ही मागणी आपण कधी केली होती का? ती पोलिसांनी बंदोबस्तासाठी काढलेली तोड आहे. पण आपण तिच्यावर गप्प राहिलो आणि हळूहळू ती आपलीच मागणी वाटू लागली. आपल्या चळवळीने उघडपणे म्हणावं की आम्हाला आमची नमाज शांतपणे पढू द्या, देवळाची वाट आमच्यासाठी बंद ठेवू नका. वेळ ठरवता येते, वाट वेगळी काढता येते, दोन्हीकडची वीस-वीस पोरं स्वयंसेवक म्हणून उभी राहू शकतात. हे ऐकून काही बुजुर्ग रागावतील, हा कमकुवतपणा आहे म्हणतील. मला तो वाटत नाही. घंटा वाजवणाऱ्याच्या हातात घंटा द्यायचं कारण आपणच दिलं असेल, तर ते काढून घ्यायला काय हरकत आहे? त्यानंतरही कुणी वाजवलीच, तर निदान शहराला दिसेल की ती कशासाठी वाजते.

कुणी म्हणेल, तुम्ही दावा सोडायला सांगताय. नाही. दाव्याची पुढची वाट ट्रस्ट आणि वकील ठरवतील, तो त्यांचा हक्क आहे आणि कायद्याने दिलेला आहे. माझं म्हणणं इतकंच की अठ्ठेचाळीस वर्षांच्या दाव्याच्या कागदांत मालकी हा शब्द शेकडो वेळा आला असेल. पण सावली, बाक, झाड, पाणी, चालणं हे शब्द मोहल्ल्याच्या एकाही बैठकीत आले नाहीत. मराठीत वहिवाट हा किती छान शब्द आहे. कोर्टात त्याचा अर्थ वापराचा हक्क. पण शब्दातच वाट आहे. ज्या वाटेने माणूस रोज जातो, ती त्याची वहिवाट होते. आपण जातच नाही. वर्षातून दोन सकाळी गेलेल्या पायांची वहिवाट होत नसते, मग निकाल काहीही लागो.

आता कल्याण-डोंबिवलीचा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत साडेबारा लाखांच्या आसपास माणसं होती. त्यानंतर शहर किती फुगलंय हे डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी आठ वाजता उभ्या राहणाऱ्याला आकड्याशिवाय कळतं. शहर नियोजनासाठी केंद्र सरकारने २०१४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी हिरवी जागा धरली आहे. म्हणजे साधारण एका लहान खोलीएवढी. आपल्या जुन्या कल्याणात, घास बाजार, दूध नाका, वलीपीर रोड, बैल बाजार, रेतीबंदर या भागात, माणशी एक चटई अंथरायला मोकळी जागा निघाली तरी खूप झालं. मोहल्ल्यातल्या पोरांना मैदान नाही म्हणून ती गल्लीत खेळतात, गल्लीत खेळतात म्हणून म्हातारे ओरडतात, मग ती नाक्यावर उभी राहतात, आणि नाक्यावर उभी राहिली की सगळं शहर त्यांच्याकडे बघून मान हलवतं.

आणि पोरी? त्यांना तर नाकाही नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहिलं. मुंबईत बाईला काही कामाशिवाय, नुसतं रमायला, बाहेर थांबता येतं का, हा त्यांचा प्रश्न. कॉलेजला जायचंय, क्लासला जायचंय, दवाखान्यात जायचंय, अशी सबब हातात असेल तर घरचं दार उघडतं. नुसतं 'चालून येते' म्हटलं की 'कुठे? कुणाबरोबर? कशाला?' हे तीन प्रश्न मुस्लिम घरातच विचारतात असं नाही, सगळीकडे विचारतात. पण आपल्याकडे चौथाही प्रश्न असतो, 'लोक काय म्हणतील', आणि तो भावाने विचारलेला असतो. तोच भाऊ रात्री अकरापर्यंत चहाच्या टपरीवर. बुरखा घातलेली, हिजाब घातलेली, काहीच न घातलेली मुलगी रोज संध्याकाळी मैत्रिणीबरोबर अर्धा तास चालू शकेल, अशी वाट शहरात नसेल तर तिच्या शिक्षणाच्या भाषणांना अर्थ नाही. वाट म्हणजे नुसता फरसबंद पट्टा नव्हे. दिवे लागतात, बसायला बाक लागतो, स्वच्छ आणि उघडं असलेलं शौचालय लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथे आणखी माणसं लागतात.

दिनी लोकांना हे खटकत असेल तर त्यांच्याच भाषेत बोलू. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत एक हदीस आहे, आपण सगळ्यांनी मदरशात ऐकलेली. लोक रस्त्यावर बसत, रसूलुल्लाह (स.) यांनी मना केलं. लोक म्हणाले, आम्हाला बसून बोलायला दुसरी जागा नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं की बसायचंच असेल तर रस्त्याला त्याचा हक्क द्या. नजर खाली ठेवा, कुणाला त्रास देऊ नका, सलामला उत्तर द्या, चांगल्याचं सांगा, वाईटाला रोखा. ही हदीस वाचताना मला दरवेळी एक गोष्ट जाणवते. ज्यांनी तक्रार केली ते बरोबर होते, त्यांना खरोखर दुसरी जागा नव्हती. त्यांची अडचण मान्य झाली. त्यांना हाकललं नाही, वागायचं कसं ते सांगितलं. रस्त्यालाही हक्क असतो, हे ज्या दीनमध्ये सांगितलंय, त्याच्या मानणाऱ्यांनी आपल्या शहरातल्या एका टेकडीला वर्षातून दोन दिवस आठवावं?

तटाचं पुढे काय करता येतं, हे जगाने अनेक परींनी दाखवलंय. इटलीतल्या लुक्का शहराचा तट चार किलोमीटरच्या वर आहे. तोफांसाठी बांधला, तोफांची गरज संपल्यावर त्यावर झाडं लावली. आज लोक तटाच्या माथ्यावर सायकल चालवतात, आजोबा नातवंडांना घेऊन फिरतात. तुर्कस्तानात दियारबकिरचा काळ्या बेसॉल्टचा तट आणि त्याच्या पायथ्याच्या हेवसेल बागा, ज्या शतकानुशतकं शहराला भाजी पुरवत आल्या, दोन्ही मिळून २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. तट आणि मळा वेगळे मोजले नाहीत. आणि लांब कशाला जायचं? मुंबईच्या कोटाची भिंत १८६० च्या दशकात पाडली. पण भिंतीबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी जी जागा मोकळी ठेवली होती, तिच्यातूनच ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदान उरलं. आज ओव्हलवर रविवारी पन्नास क्रिकेट सामने एकमेकांत घुसून चालू असतात, तेव्हा कुणी विचारत नाही की भिंत कुणाची होती. सोलापूरच्या भुईकोटालाही लागून बाग आहे, संध्याकाळी सगळ्या जातीधर्मांची पोरं तिथे घसरगुंडीला रांग लावतात.

उलटे नमुनेही आहेत. औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, दरवाजे उभे आहेत, पण त्यांना जोडणारी भिंत जवळजवळ गेली. दरवाजा मधोमध आणि दोन्ही बाजूंनी रिक्षा. लाहोरला इंग्रजांनी तटाचा खंदक बुजवून शहराभोवती बाग केली. ती बाग पुढे तुकड्या-तुकड्याने बांधकामांनी खाल्ली. तिथे तर सगळे एकाच धर्माचे होते. म्हणून म्हणतो, मोकळ्या जागेचा शत्रू नेहमी दुसऱ्या धर्माचाच असतो असं नाही.

ठाण्याची गोष्ट वेगळ्याच प्रकारची आहे. ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. १८१६ मध्ये पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यातून इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन पळाला. नंतर त्याचा तुरुंग झाला, तो आजही तुरुंगच आहे. १९१० मध्ये अनंत कान्हेरे आणि त्यांच्या साथीदारांना तिथे फाशी दिली. म्हणजे ठाणेकरांचा तट जवळजवळ धड उभा आहे, पण त्यावर चालायचं तर आधी गुन्हा करावा लागेल. ठाणेकर बिचारे तलावपाळीला फेऱ्या मारतात. आपलं उलटं. आपला तट गेला, पण त्याची जागा बंद नाही. तुरुंग न होता जे उरलंय, त्याला आपणच मनातल्या मनात कुलूप लावलंय.

'पण तट तर राहिलाच नाही, चालायचं कशावर?' असं विचाराल. बर्लिनची भिंत पाडली, तेव्हा ती जिथून गेली होती तिथे शहराने रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ बसवली. गाड्या तिच्यावरून जातात, माणसं तिच्या बाजूने चालतात, भिंत नाही पण रेघ आहे. कल्याणच्या तटाची रेघ गल्ल्यांच्या वळणांत अजून सापडेल. भूमी अभिलेखाचे जुने नकाशे काढावे लागतील. ती रेघ रस्त्यात दगडाने किंवा नुसत्या रंगाने दाखवा. दरवाज्यांच्या जागी फलक लावा, मराठीत आणि उर्दूत. दुर्गाडीचा उतार आणि खाडीकाठ हे त्या वाटेचं एक हिरवं टोक होईल आणि काळी मस्जिदीजवळचा काळा तलाव दुसरं. त्या तलावाला काही जण आग्रहाने भगवा तलाव म्हणतात. माझं काही म्हणणं नाही, त्याच्या काठावर फेऱ्या मारायला वाट आहे आणि पहाटे तिथे सगळ्या रंगांचे लोक एकाच रंगाचा घाम गाळतात. दोन टोकं आधीच आहेत. मधली रेघ तेवढी जोडायची आहे.

इथे महापालिकेबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर सगळा राग आपल्याच घरात काढल्यासारखं होईल. आपल्याकडे हिरवी जागा करायची म्हणजे काय करतात ते आपण पाहतो. आधी झाडं तोडून पेव्हर ब्लॉक बसवतात. मग स्टीलची रेलिंग, रंगीत दिवे, 'आय लव्ह' लिहिलेली अक्षरं आणि उद्घाटनाच्या नावांचा संगमरवर. त्यावर एकच नाव नसतं, ज्या शहराची ती जागा आहे त्याच्या इतिहासाचं. दोन पावसाळ्यांत दिवे जातात आणि ब्लॉक हलायला लागतात. २०२० ते २०२५ पर्यंत महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता, विचारायचं कुणाला? पण विचारायच्या जागा तेव्हाही होत्या आणि आताही आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ नुसार विकास आराखड्यात उद्यानं आणि मोकळ्या जागा दाखवायच्या असतात, ऐतिहासिक महत्त्वाच्या जागांच्या जतनाची तरतूद करता येते. आराखडा किंवा त्यातला बदल जाहीर झाला की कुठलाही नागरिक हरकत किंवा सूचना देऊ शकतो. कुठलाही, म्हणजे घास बाजारातलाही. आपल्या मोहल्ल्यात दाव्याच्या तारखा तोंडपाठ असणारे दहा जण सापडतात, विकास आराखड्याचा नकाशा पाहिलेला एक सापडत नाही. तो माहितीच्या अधिकारात मिळतो, अर्जाची फी दहा रुपये.

एक भीती खरी आहे आणि तिला हसून टाळता येणार नाही. चार दाढीवाली पोरं संध्याकाळी दुर्गाडीच्या उतारावर गप्पा मारत बसली तर कुणीतरी व्हिडिओ काढेल, कुणीतरी 'इथे काय चाललंय' विचारेल, त्याचं फॉरवर्ड होईल. म्हणूनच फक्त पोरांनी जाऊ नये. आईला घेऊन जा, बहिणीला, अब्बांना, शेजारच्या जोशीकाकांना, लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या त्या डोंबिवलीकर सहकाऱ्याला. देवळात जाणाऱ्याला वाट द्या, ओळख झाली तर नमस्कार करा. नजर खाली, कचरा खिशात, हे वर सांगितलेलंच आहे. कुणी अडवलंच तर भांडायचं नाही, वेळ आणि जागा लिहून ठेवायची, लेखी तक्रार करायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा चालायला जायचं. पहिल्या महिन्यात लोक वळून बघतील. तिसऱ्या महिन्यात वेळेवर नाही आलात तर 'आज आले नाहीत?' म्हणून विचारतील.

काही वडीलधारे म्हणतात, कौमपुढे इतके मोठे प्रश्न आहेत, शिक्षण, नोकऱ्या, वक्फ, कोर्ट, आणि तुम्ही बागबगिचे घेऊन बसलात. त्यांचा आदर ठेवून सांगतो, चाचा, तुमचीच साखर तीनशेच्या वर गेली होती मागच्या रमजानमध्ये. मोठे प्रश्न सोडवायला माणसं जिवंत आणि एकमेकांना ओळखणारी लागतात. ओळख सभागृहात होत नाही. ती एकाच वाटेवर रोज समोरून येणाऱ्या माणसाशी होते.

तेव्हा सुरुवात अशी. येत्या रविवारी फज्रनंतर, उन्हं चढायच्या आत, घरातल्या एका बाईला आणि एका म्हाताऱ्याला बरोबर घ्या. मोबाइलमध्ये गॅझेटिअरचं कल्याणचं पान उतरवून ठेवा, फुकट मिळतं. दुर्गाडीच्या पायथ्यापासून निघा, टी-८० च्या समोर एक फोटो काढायला हरकत नाही, आणि गल्ल्यागल्ल्यांतून तट कुठून गेला असेल याचा अंदाज बांधत तलावापर्यंत या. जिथे वाट अडली, जिथे नाला उघडा दिसला, जिथे बसायला जागा नव्हती, तिथे तिथे थांबून लिहून घ्या. पाणी बरोबर ठेवा, मधे कुठे नळ नाही. तेही लिहून घ्या. सोमवारी त्या कागदाची एक प्रत महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात द्या आणि दुसरीवर पोच घ्या.